स्क्रीनवरचं रूपक: ॲप आणि वेबसाइट बनवणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी पणजीत राहते आणि गोव्यातल्या छोट्या व्यवसायांसाठी ॲप व वेबसाइटचे पडदे आखून देते. पसरकार (म्हणजे किराणा दुकानदार), देवस्थान समित्या, होमस्टे चालवणारी कुटुंबं, मासळी पोचवणारे अशी माझी गिऱ्हाइकं. त्यांच्याकडून आणि या कामात नव्याने आलेल्या मुलामुलींकडून तेच तेच प्रश्न येतात, म्हणून उत्तरं एकत्र लिहून ठेवली आहेत. माझं म्हणणं थोडक्यात असं: स्क्रीनवर कचरापेटी, वही किंवा पिशवी काढली की वापरणाऱ्याला आपण शब्द दिलेला असतो, आणि तो पाळता येणार नसेल तर ते चित्र काढू नये.

इंटरफेसमधलं, म्हणजे ॲपच्या पडद्यावरचं, रूपक म्हणजे शाळेत शिकलो तो अलंकारच का?

हो, तोच. 'मुखकमल' शिकवताना बाई सांगायच्या, उपमेत 'सारखं' असतं, रूपकात तेवढंही अंतर उरत नाही. मुख हेच कमळ. स्क्रीनवरही तसंच आहे. तुमचं बिल फोल्डरसारख्या कशात तरी आहे असं कोणी म्हणत नाही, 'फोल्डरमध्ये आहे' असंच म्हणतो. आत ना पुठ्ठा आहे ना कागद.

ही भाषा रुजली ऑफिसातून. झेरॉक्स कंपनीने १९८१ साली 'स्टार' नावाचा संगणक बाजारात आणला. त्याच्या पडद्यावर टेबल होतं, टेबलावर कागद आणि फोल्डर, आलेल्या-गेलेल्या टपालाचे ट्रे. १९८३ मध्ये ॲपलचा लिसा आणि १९८४ मध्ये मॅकिंटॉश आला आणि हे टेबल घराघरांत जायला सुरुवात झाली. 'कट-कॉपी-पेस्ट' त्याच्याही आधीचं, सत्तरच्या दशकातलं. झेरॉक्सच्याच पालो आल्टो इथल्या प्रयोगशाळेत लॅरी टेस्लर यांनी सहकाऱ्यांबरोबर ते घडवलं, आणि त्यामागे कात्रीने मजकूर कापून दुसरीकडे डिंकाने चिकटवण्याची जुनी संपादकी पद्धत होती. दैनिकांच्या कचेऱ्यांत ब्रोमाइडचे, म्हणजे मजकूर उमटवलेल्या फोटोकागदाचे, तुकडे कापून पानं लावणाऱ्या आपल्याकडच्या माणसांना हे रूपक कोणी समजावून द्यावं लागलं नसतं.

पण हवंच कशाला? सरळ शब्दांत लिहिलं तर चालणार नाही?

जिथे चालतं तिथे सरळच लिहा. 'पैसे पाठवा' या दोन शब्दांपुढे कुठलंही चित्र फिकं आहे.

रूपक लागतं ते पुढची पायरी न सांगता कळावी म्हणून. वही म्हटलं की पानं आली, तारखा आल्या, मागे उलटून बघणं आलं. हे काहीही शिकवावं लागत नाही. 'नोंदींची यादी' म्हटलं तर अर्थ बरोबर आहे, पण हात पुढे कुठे जायचा ते त्यातून कळत नाही. आणि त्यात थोडी माया असते, हेही खरं. ओळखीची वस्तू दिसली की माणूस फोन हातात जरा सैल धरतो. हे मी रोज बघते.

आजच्या मुलांनी फ्लॉपी पाहिलेलीच नाही, तरी त्यांना सेव्हचं चिन्ह कळतं. मग रूपकाचा उपयोग काय राहिला?

ते रूपक झिजून नुसतं चिन्ह झालं. भाषेत असं सतत होतं. आपण अजून 'फोन ठेवतो' म्हणतो. ठेवायला ना क्रेडल राहिलं ना रिसीव्हर, पण फोनच्या हिरव्या बटणावर त्या रिसीव्हरची आकृती आजही आहे. ज्यात १.४४ मेगाबाइट मावायचे ती साडेतीन इंची फ्लॉपी तशीच.

झिजलेलं रूपक वापरायला हरकत नाही, मात्र त्याच्याकडून समजावून सांगायचं काम होणार नाही. जे चिन्ह सगळ्यांना पाठ आहे ते बदलू नका, आणि नवी कल्पना समजावायची असेल तर ते चिन्ह उसनं घेऊ नका. 'डॅशबोर्ड' शब्दाचंच बघा. मुळात तो घोडागाडीच्या पुढची फळी, घोड्याच्या टापांनी उडणारा चिखल अंगावर येऊ नये म्हणून लावलेली. तिथून तो मोटारीत आला आणि मोटारीतून ॲपमध्ये. माझ्या आईला बँकेच्या ॲपमधला डॅशबोर्ड काही केल्या उमजेना. त्याच बँकेच्या दुसऱ्या ॲपमध्ये 'पासबुक' असं लिहिलेलं दिसलं, आणि तिने मला न विचारता ते उघडून पेन्शन जमा झाल्याचं बघितलं.

चांगलं रूपक शोधायचं कुठे?

वापरणाऱ्याच्या हातात. आपल्या टेबलावर ते सापडत नाही, आणि दुसऱ्यांची ॲप बघून तर अजिबात नाही.

एक अनुभव सविस्तर सांगते, कारण मी यातूनच शिकले. फोंड्याकडच्या एका पसरकारांसाठी उधारीचं ॲप करत होतो. त्यांच्याकडे लाल कापडी बांधणीची लांबट वही होती. आम्ही स्क्रीनवर तशीच वही काढली, कापडाचा पोत, शिवण, सगळं. नोंद काढून टाकायला प्रत्येक ओळीशेजारी छोटी कचरापेटी. आम्हाला वाटलं, काम झालं.

पसरकारांनी आठवडाभर वापरलं आणि एकही नोंद काढली नाही. पैसे चुकते झालेली गिऱ्हाइकंसुद्धा तशीच यादीत. मी दुकानात जाऊन बसले. संध्याकाळी एक बाई आल्या, मागचे तीनशे चाळीस रुपये दिले. पसरकारांनी फोन बाजूला ठेवला, गल्ल्याखालून जुनी वही काढली, ती बाईंच्या बाजूला वळवली आणि त्यांच्यादेखत त्या ओळीवर पेनने तिरकी रेघ मारली. बाईंनी मान हलवली आणि त्या गेल्या. मग ते मला म्हणाले, "बाय, हे कचऱ्यात टाकलं तर उद्या गिऱ्हाइकाला काय दाखवू?"

वहीत काहीच पुसलं जात नाही. रेघ मारतात, आणि रेघेखालचं वाचता येतं. ती रेघ म्हणजे पावती असते, दोघांनी पाहिलेली. आम्ही वहीचं रूप उचललं होतं, पण पसरकारांचा विश्वास वहीतल्या ज्या गोष्टीवर होता ती नेमकी टाकून दिली होती. नंतर कापडाचा पोत आणि शिवण काढून टाकली, पांढरा साधा पडदा ठेवला. बोटाने ओळीवर तिरकं ओढलं की लाल रेघ उमटते, नोंद फिकट होते पण जागेवर राहते, आणि फोन समोरच्याकडे वळवला की आकडा मोठा होतो. दिसायला तो पडदा आता वहीसारखा मुळीच नाही, तरी पसरकार त्याला 'वही'च म्हणतात.

म्हणून शोधताना वस्तूचा फोटो काढून थांबू नका. माणूस तिच्याशी काय करतो, कोणासमोर करतो आणि काय कधीच करत नाही, हे लिहून काढा.

रूपक ताणायचं किती?

जिथे ते खोटं बोलायला लागेल तिथे सोडायचं. ठोकळ नियम देता येत नाही, उदाहरणं देते.

मॅकिंटॉशमध्ये फ्लॉपी बाहेर काढण्यासाठी तिचं चित्र कचरापेटीत ओढून टाकावं लागे. फाइल कचऱ्यात टाकली की जाते, हे ज्याला कळलं होतं त्याने आपली अख्खी फ्लॉपी त्याच पेटीत कशी टाकावी? माणसं बिचकत. पुढे मॅकच्या नव्या प्रणालीत डिस्क ओढायला लागलं की त्या पेटीच्या जागी बाहेर काढण्याचं चिन्ह दिसू लागलं.

दुसरं टोक म्हणजे मायक्रोसॉफ्टचा 'बॉब', १९९५ सालचा. संगणक म्हणजे घर, त्यात खोल्या, खोलीत टेबल आणि घड्याळ, सोबतीला बोलणारा कुत्रा. पत्र लिहायचं तर खोलीत जाऊन वस्तूवर दाबायचं. नवख्यांची भीती घालवण्याचा हेतू प्रामाणिक होता, पण खऱ्या घराच्या गैरसोयीही त्यात आल्या. आणि मेनूतलं एका ओळीचं काम करायला खोल्या फिरायला कोणाला वेळ आहे? पुढच्याच वर्षी तो बंद झाला.

आमची चूक फेरीबोटीची. होमस्टेवाल्यांच्या ॲपमध्ये पाहुण्यांची कागदपत्रं अपलोड होताना आम्ही फेरीबोट दाखवली. ती मांडवीतून या काठाहून त्या काठाला जाते, पलीकडे लागली की काम झालं. पणजी–बेतीची फेरी आयुष्यभर वापरलेल्या लोकांना हे फार आवडलं. मग पावसाळा आला, नेटवर्क जाऊ लागलं आणि बोट नदीच्या मधोमध थांबू लागली. एका मालकिणीचा रात्री फोन आला, पासपोर्टच्या प्रती हरवल्या का म्हणून. खरं तर प्रती तिच्या फोनमध्येच सुखरूप होत्या, नेटवर्क आलं की आपोआप जाणार होत्या. पण नदीच्या मध्यावर थांबलेली बोट बघून आपल्याकडचा माणूस दुसरं काय समजणार? आता नेटवर्क नसेल तर बोट धक्क्यालाच उभी राहते, खाली लिहिलेलं असतं, 'कागद तुमच्याच फोनमध्ये आहेत. नेटवर्क आल्यावर निघतील.' एवढं एक चित्र बदलल्यावर रात्रीचे फोन थांबले.

गोव्याच्या ॲपमध्ये गोव्याच्याच गोष्टी वापराव्यात का?

मोह मलाही होतो. वापराव्यात, पण आधी बघावं की ती गोष्ट कोणाची आहे आणि कधीची आहे.

खाजनाच्या, म्हणजे बांध घालून राखलेल्या नदीकाठच्या सखल शेतीच्या, बांधातली मानस (पाण्याची दारं) ही मला माहीत असलेल्या सर्वांत सुंदर यंत्रणांपैकी एक. भरतीला नदीचं पाणी दारं ढकलून बंद करतं, ओहोटीला आतलं पाणी तीच दारं उघडून बाहेर पडतं. तिथे कोणाला उभं राहावं लागत नाही. आपोआप होणाऱ्या कामांसाठी हे रूपक मी एकदा सुचवलं. चोडण, दिवाडीकडच्या लोकांनी बघताक्षणी ओळखलं. सत्तरीतल्या बागायतदारांना ते परकं होतं; त्यांचं पाणी कुळागरातल्या, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागेतल्या, पाटाचं. गोवा छोटा असला तरी हातातल्या वस्तू तालुक्यागणिक बदलतात.

माटोळीचा, म्हणजे चतुर्थीला गणपतीच्या वर फळं-भाज्या लटकवतात त्या चौकटीचा, अनुभव वेगळा. एका दुकानाच्या पानावर वस्तू माटोळीसारख्या वरून लटकवल्या होत्या आणि चतुर्थीच्या दिवसांत ते देखणं दिसलं. दिवाळी जवळ आली तेव्हा मालकांच्या आईने विचारलं, "विसर्जन झालं तरी माटोळी उतरवली नाही?" त्यांना ते खटकत होतं आणि त्यांचं बरोबर होतं. शिवाय त्या दुकानाची निम्मी गिऱ्हाइकं ख्रिस्ती. त्यांना माटोळी माहीत असते, पण ती त्यांच्या घरची नव्हे. पूजेतल्या वस्तू मी आता पानाच्या मांडणीसाठी घेत नाही.

पोदेराचा भोंगा मात्र सगळ्यांचा. सायकलवरून पाव घेऊन येणाऱ्याचा तो आवाज हिंदूंच्या वाड्यावर आणि ख्रिस्ती वाड्यावर सारखाच कळतो. त्याच्या आधीच्या पिढीत पोदेर काठीच्या खुळखुळाटाने ओळखू यायचा. त्या आवाजाचा अर्थ इतका नेमका आहे: मी दारात आहे, आत्ता बाहेर या, नाहीतर पुढे जाईन. घरपोच मासळीच्या ॲपमध्ये माणूस फाटकाशी पोचल्यावर असाच एक छोटा आवाज ठेवला. फक्त तेव्हाच. 'आज बांगडा स्वस्त' सांगायला तोच आवाज वापरू या, असा आग्रह झाला होता, तो मी मानला नाही. जाहिरातीसाठी भोंगा वाजवला तर चार दिवसांत कोणी दाराशी येणार नाही.

मराठी मजकुरात इंग्रजी रूपकांचं भाषांतर कसं करायचं?

शब्दाला शब्द लावून नाही. 'कार्ट'चं 'गाडी' केलं तर वाचणारा मोटार शोधेल. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजाराला जाणारी बाई पिशवी घेऊन जाते, म्हणून 'पिशवी'. क्रियापदही बघा: 'पिशवीत जोडा' असं कोणी बोलत नाही, 'पिशवीत घाला'. 'होम'ला बरेच जण 'मुखपृष्ठ' म्हणतात. ते दुसरं रूपक आहे, पुस्तकाचं. चालतं, पण मग शेजारी घराचं चित्र नको.

'क्लाऊड' तसाच राहू द्यावा. 'ढगात ठेवलं आहे' हे वाचून माणसाला आधी पाऊस आठवेल आणि मग तो काळजी करेल.

सरकारी शब्दांत विशेष जपा. महाराष्ट्रातल्या एका चमूने केलेल्या शेतकऱ्यांच्या ॲपमध्ये जमिनीसाठी 'सातबारा जोडा' असं होतं. भाषा मराठीच, पण गोव्यात जमिनीचा कागद म्हणजे नमुना १ आणि १४, बोलण्यात 'वन-फोर्टीन'. एकाच भाषेचे लोक, तरी दप्तर वेगळं. माझ्या मते ही चूक वाईट चित्रापेक्षा जास्त नडते, कारण 'हे ॲप आपल्यासाठी नाही' असं समजून माणूस तिथेच ते बंद करतो.

फ्लॅट डिझाइन, म्हणजे पोत-नक्षी नसलेले सपाट पडदे, आल्यावर रूपकं गेली ना?

नक्षी गेली. आयफोनच्या नोट्समध्ये पिवळा रेघांचा कागद होता, त्यातल्या गेम सेंटर या खेळांच्या ॲपमध्ये हिरवं मखमली कापड. आयफोनच्या २०१३ च्या आयओएस ७ या प्रणालीत ते सगळं निघालं. पण फोल्डर आणि खिडक्या राहिल्याच. २०१४ मध्ये गूगलने पडदे आखण्याची मटेरियल डिझाइन ही पद्धत आणली तेही कागद आणि शाई याच कल्पनेवर उभं होतं, एकावर एक ठेवलेले कागद आणि त्यांच्या सावल्या. पसरकारांच्या वहीचा पोत काढून रेघ ठेवली, ते हेच.

रूपक कुठे वापरूच नये?

चूक झाली तर परत फिरता येत नाही तिथे. पैसे, औषधाची मात्रा, संमती. तिथे आकडा आणि क्रियापद, बस.

यूपीआय २०१६ साली सुरू झालं आणि त्याने भाजीच्या गाड्यापर्यंत सोय केली. पण कोड स्कॅन करणं आणि पिन टाकणं या हालचालींतून पैशाची दिशा कळत नाही. फसवणारे हेच हेरतात. 'पैसे पाठवतोय, कोड स्कॅन करून पिन टाका' असं सांगतात आणि समोरचा माणूस आपलंच खातं रिकामं करतो. पैसे येण्यासाठी पिन टाकावा लागत नाही. असा पडदा आखायची वेळ आली तर बाण, नाणी, पाकीट यांच्या नादी न लागता मोठ्या अक्षरांत लिहा: 'तुमच्या खात्यातून ५०० रुपये जातील.'

रूपकाने फसवताही येतं का?

येतं, आणि सर्रास चालतं. पिशवी दाखवली म्हणजे मी घातलं तेवढंच तिच्यात असणार, हा शब्द झाला. त्यात न विचारता विमा किंवा देणगी घालणं म्हणजे शब्द मोडणं. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी अशा १३ प्रकारांबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात गिऱ्हाइकाच्या टोपलीत गुपचूप वस्तू घालणं हा एक प्रकार आहेच. देवस्थानच्या ऑनलाइन सेवेत सुद्धा आधीच खूण केलेली देणगी मी ठेवू देत नाही. फंडपेटीत हात भक्ताचाच जायला हवा.

ज्यांना दिसत नाही त्यांचं काय?

पडदा वाचून दाखवणाऱ्या सोयीला चित्र दिसत नाही, नाव दिसतं. म्हणून प्रत्येक चिन्हाला नाव द्या, आणि ते कामाचं द्या. 'कचरापेटी' नको, 'नोंद काढा' हवं. बोटाने रेघ ओढायची असेल तर तेच काम करणारं बटणही ठेवा.

चाचणी कशी घ्यायची? आमच्याकडे पैसे नाहीत.

कागदावर पडदा काढा आणि फेरीच्या रांगेत जा. रायबंदरच्या धक्क्यावर चोडणला जाणारे लोक बोटीची वाट बघत असतात, त्यांच्याकडे दहा मिनिटं असतात आणि ते मनापासून बोलतात. चित्र दाखवून 'आवडलं का' असं विचारू नका. कोणीही हो म्हणेल. बोट ठेवून विचारा, 'हे दाबलं तर काय होईल?' मग गप्प बसा. उत्तर चुकलं तर समजावू नका, लिहून घ्या. नंतर दुसरा प्रश्न, 'आणि चुकून दाबलं तर?' आमच्या कचरापेटीसमोर हा प्रश्न आधीच विचारला असता तर पसरकारांचा तो आठवडा वाचला असता.

चालू ॲपमधलं रूपक बदलायचं झालं तर?

एका रात्रीत नको. जुन्या वाटेने जाणारा माणूस सकाळी अडता कामा नये. पसरकारांच्या ॲपमध्ये रेघ आणल्यावरही आम्ही कचरापेटी दोन महिने शेजारी ठेवली आणि कोण काय वापरतं ते बघत राहिलो. तिसऱ्या आठवड्यानंतर पेटीला कोणाचं बोट लागलं नाही. ती काढली त्या दिवशी पसरकारांना कळवायला गेले, तर ते एका मुलाला फोन वळवून दाखवत होते आणि तो मुलगा म्हणत होता, "रेघ मी मारू?"